अंगठ्याचा वेळ, पडद्याचा वेळ

अंबरनाथहून सकाळी सुटणाऱ्या लोकलमध्ये उभं राहायला जागा मिळाली, तरी एक हात कडीत अडकलेला असतो. दुसऱ्या हातात फोन, आणि त्या हाताचा अंगठा तेवढा मोकळा. कोरियन वेबटूनला, म्हणजे इंटरनेटवरच्या चित्रकथेला, वाचकाकडून एवढाच अंगठा लागतो. पान उलटायचं नाही, चौकटींचा क्रम शोधायचा नाही. वरून खाली एकच लांबलचक पट्टी, अंगठा सरकवला की गोष्ट पुढे. दाउम आणि नावेर या कोरियन पोर्टलांनी 2003-04 च्या सुमारास ही पद्धत रुजवली, तेव्हा वाचक संगणकासमोर बसून माउसचं चाक फिरवत होते. पुढे फोन आले आणि ती जगभर गेली. आपल्याकडची कॉलेजची मुलं कल्याण येईपर्यंत एक प्रकरण संपवतात.

माझा भाचा असाच ‘सोलो लेव्हलिंग’चा वाचक. त्यावरची ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशनची, मालिका जानेवारी 2024 मध्ये सुरू झाली तेव्हा तो म्हणाला, “मावशी, नुसती बघू नकोस. आधी वाच, मग बघ.” मी त्याचं ऐकलं, आणि मग थांबताच येईना. टीव्हीवर भाग लावायचा, मध्येच थांबवायचा, फोनवर तीच जागा काढायची आणि दोन्ही चित्रं शेजारी धरून बघायची. पट्टीतून पडद्यावर येताना गोष्टीचं काय काय होतं, हे समजून घ्यायला मला तरी याहून चांगला मार्ग सापडलेला नाही.

मुळात ही चुगाँग या लेखकाची वेब-कादंबरी. 2018 पासून दुबू या चित्रकाराने तिचं वेबटून काढलं. तिचा नायक सुंग जिन-वू हा राक्षसांशी लढणाऱ्यांतला सगळ्यात खालच्या श्रेणीतला शिकारी. आई रुग्णालयात बेशुद्ध, बहीण शिकतेय, म्हणून जिवावरची कामं पत्करतो. सुरुवातीलाच त्याची तुकडी जमिनीखालच्या एका प्रचंड देवळात अडकते. भिंतींलगत दगडी मूर्ती उभ्या, समोर आभाळाएवढी बसलेली मूर्ती. दाराकडे पळणाऱ्याचं डोकं द्वारपाल मूर्ती उडवते. मग मोठ्या मूर्तीचे डोळे हलतात.

फोनवर हा प्रसंग वाचताना मला आमच्या अंबरनाथचं शिवमंदिर आठवलं. शिलाहारांच्या काळातलं, शके 982 म्हणजे इ.स. 1060 चा शिलालेख असलेलं. तिथे सभामंडपातून गाभाऱ्यात जायला वीसेक पायऱ्या खाली उतराव्या लागतात. किती भरभर उतरायचं, कुठल्या पायरीवर थबकायचं, डोळे अंधाराला कधी सरावू द्यायचे, हे ज्याचं त्याने ठरवायचं. वेबटूनची पट्टी अशीच उतरायची असते. दोन चित्रांमध्ये दुबू काळी मोकळी जागा सोडतो. ती जागा जितकी लांब, तितका आपला अंगठा अधीर होतो किंवा घाबरून अडतो. मूर्तीचा चेहरा कधी बघायचा, हे शेवटी वाचकाच्या हातात राहतं.

ॲनिमेत ही सोय नाही. तिथे प्रत्येक सेकंद आधीच कुणीतरी ठरवलेला असतो. ‘सोलो लेव्हलिंग’ ए-वन पिक्चर्स या जपानी स्टुडिओने केली, दिग्दर्शक शुन्सुके नाकाशिगे. पट्टीतली काळी जागा त्यांना शांततेत बदलावी लागते. किती वेळाची शांतता? अर्धा सेकंद कमी पडला तर भीती बसत नाही, दोन सेकंद जास्त झाले तर प्रेक्षक फोन उचलतो. हा हिशेब स्टोरीबोर्डवर होतो. प्रत्येक शॉटचं कच्चं रेखाटन, त्याशेजारी हालचाल, संवाद आणि सेकंद.

दुसरी अडचण आकाराची. फोन उभा, पडदा आडवा. उंच मूर्ती उभ्या पट्टीत आपसूक उंच वाटते, कारण ती पायांपासून डोक्यापर्यंत अख्खी एकदम दिसतच नाही. आडव्या पडद्यावर ती पूर्ण दाखवली तर दोन्ही बाजूंना रिकामी जागा उरते आणि मूर्ती लहान होते. उंच चित्र घेऊन त्यावरून कॅमेरा सरकवायचा, हा स्वस्तातला उपाय. खरी मेहनत चित्राची मांडणी नव्याने करण्यात आहे. कॅमेरा माणसाच्या पायाशी न्यायचा, माणसं पडद्याच्या तळाशी मुंग्यांएवढी ठेवायची, मूर्तीचा काही भाग चौकटीबाहेरच राहू द्यायचा. मालिकेचा दुसरा भाग थांबवत थांबवत बघा, हे सगळं दिसेल.

आणि मधली चित्रं! देवळातून जिवंत सुटायचं कोडं जिन-वूला उलगडतं आणि तो सगळ्यांना मूर्तीपुढे वाकायला सांगतो. वेबटूनला उभी माणसं आणि वाकलेली माणसं एवढी दोन चित्रं पुरतात, मधलं वाकणं वाचक मनात करून घेतो. ॲनिमेत ते काढावं लागतं. एका सेकंदात 24 फ्रेम. टीव्हीच्या मालिकेत एक चित्र बहुधा दोन किंवा तीन फ्रेम टिकवतात, म्हणजे तरीही सेकंदाला आठ ते बारा चित्रं. हालचालीचे मुख्य टप्पे अनुभवी चित्रकार काढतात, मधले दुवे दुसरे. कुणी आधी गुडघा टेकतो, कुणाची मान आधी जाते, कुणी वाकायला तयारच नाही. भीती या मधल्या चित्रांत असते. माझ्या मते मालिकेचं सगळ्यात मोठं श्रेय तिथे आहे, लढायांच्या झगमगाटात नाही. त्यावर हिरोयुकी सावानोचं संगीत येतं. पट्टीतल्या रंगवलेल्या आवाजाच्या अक्षरांची जागा खऱ्या आवाजाने भरायची असते.

घाई केली की काय होतं, याचंही उदाहरण आहे. 2020 मध्ये ‘टॉवर ऑफ गॉड’, ‘द गॉड ऑफ हायस्कूल’ आणि ‘नोब्लेस’ ही वेबटून एकाच वर्षात ॲनिमे झाली. ‘गॉड ऑफ हायस्कूल’ने शंभराहून अधिक प्रकरणं 13 भागांत कोंबली. मारामारी देखणी, पण कोण कशासाठी लढतोय हे कळायच्या आत पुढची फेरी सुरू. ‘सोलो लेव्हलिंग’च्या पहिल्या पर्वाने 12 भागांत साधारण 45 प्रकरणंच घेतली. म्हणून त्या देवळाला श्वास मिळाला. ॲनिमे दाखवणाऱ्या क्रंचिरोल या संकेतस्थळाच्या 2025 च्या पुरस्कारांत तिला वर्षातली सर्वोत्तम ॲनिमे ठरवलं गेलं. आपल्याकडे ती हिंदी, तमिळ, तेलुगूतही बघता येते.

हे सगळं दुबूने बघायला हवं होतं. त्याचं खरं नाव जांग सुंग-राक. 23 जुलै 2022 रोजी तो गेला, मालिकेचा पहिला भाग दिसायच्या जवळजवळ दीड वर्ष आधी. मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, बहुतेक काळीपांढरी असते, वेबटून पूर्ण रंगीत. जिन-वूच्या डोळ्यांतली ती चमक, सावल्यांची ती जांभळी-निळी छटा ॲनिमेच्या रंगकारांना दुबूकडूनच मिळाली.

म्हणून तुम्ही वाचणार असाल तर पहिली दहाएक प्रकरणं आधी वाचा आणि मगच दुसरा भाग लावा. मात्र चोरून टाकलेल्या प्रती वाचू नका. मुलांच्या फोनमध्ये त्या सर्रास असतात, तेही एकदा त्यांच्याशी बोला. येन प्रेसचे इंग्रजी खंड मिळतात. तेच घ्या.