ओलं सरपण आणि आपली थर्मो

थर्मोच्या पेपरला लेटेंट हीटचा प्रॉब्लेम आपण सगळेच सोडवतो. पण आपल्या खुलताबाद, कन्नड, पैठणकडच्या कितीतरी घरांत तोच प्रॉब्लेम रोज चुलीपुढे बसून सोडवावा लागतो, हे कधी लक्षात आलंय का? २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, गॅस खेड्यात पोचला. तरी आंघोळीच्या पाण्याला आणि भाकरीला चूल पेटतेच. सिलिंडरला पैसे लागतात, बांधावरची बाभूळ फुकट असते.

आता गणित बघा. नुकत्याच तोडलेल्या लाकडात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकतं. म्हणजे १ किलो सरपणात अर्धा किलो पाणी! ३० अंशांवरून तापवून त्याची वाफ करायला सुमारे १२७५ किलोज्यूल लागतात. उरलेलं अर्धा किलो कोरडं लाकूड साधारण ९००० किलोज्यूल देतं. तुम्ही म्हणाल, सातवा हिस्साच तर गेला! पण खरं नुकसान पुढेच आहे. पाण्याची वाफ होताना जाळ थंड पडतो आणि लाकडातून निघणारे वायू नीट न जळताच बाहेर पडतात. तोच धूर. म्हणजे धूर हे वाया गेलेलं इंधनच. ते जातं कुठे? फुंकणी घेऊन बसलेल्या आईच्या डोळ्यांत आणि फुप्फुसांत.

उपाय साधा आहे. सुगी संपली की बाभळीच्या फांद्या छाटायच्या, खोड राखायचं. जाड फांद्या ओल्या असतानाच कुऱ्हाडीने फोडायच्या, कारण साल पाणी अडवते, फोडलेल्या बाजूने ते लवकर निघतं. मग खाली दगड ठेवून उभी-आडवी रचायची, मधून वारा खेळला पाहिजे. मराठवाड्याचं चाळिशीपारचं ऊन म्हणजे फुकटचा ड्रायर! मृगाआधी सगळं छपराखाली. वाळलेलं लाकूड हातात हलकं लागतं, टोकांना चिरा पडतात आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले की टणटण वाजतात.

एक मात्र ध्यानात ठेवा. झाड आपल्याच शेतातलं असलं तरी आंबा, चिंच, मोह, साग अशी झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात येतात. परवानगीशिवाय त्यांना कुऱ्हाड लावता येत नाही.

सुकं लाकूडही धूर करतंच, त्यामुळे धुराडं हवंच. पण ओल्यापेक्षा खूपच कमी. तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी गेलात तर दोन दिवस सरपण फोडायला आणि रचायला द्या. थर्मोचं याहून चांगलं प्रॅक्टिकल कुठल्याच लॅबमध्ये होणार नाही!