जुन्या फियाटच्या चाकाचे बेअरिंग घेताना

समजा, कार्तिकीचे दर्शन उरकून तुम्ही पंढरपूरहून मंगळवेढ्याच्या रस्त्याने सोलापूरकडे निघाला आहात. दोन्ही अंगांना काळी रानं, ज्वारी गुडघ्याला लागलेली. वडिलांच्या वेळची फियाट, मागे म्हातारी आई, दोन मुले आणि प्रसादाची पिशवी. गाडी चांगली पळते आहे, पण पुढच्या एका चाकातून जात्यासारखी घरघर ऐकू येते. "जुनी गाडी आहे, आवाज करायचीच," असे म्हणून तुम्ही पुढे जाता.

वाचकहो, चूक होते ती इथेच. ती घरघर बहुधा चाकाच्या बेअरिंगची असते. तिकडे दुर्लक्ष केले तर चाक डुगडुगते, तापते, एखादे वेळी जागीच अडकते. आणि फारच हेळसांड झाली तर चाक निखळूनही जाते. मागे बसलेली माणसे आपलीच असतात. म्हणून या वस्तूची थोडी माहिती प्रत्येक घरात हवी.

सोलापूरच्या माणसाची गाडी

आपण जिला सरसकट 'फियाट' म्हणतो ती प्रीमियर पद्मिनी. इटलीतल्या फियाट ११०० या गाडीचे हे आपल्याकडचे रूप. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून ती तयार होऊ लागली आणि पद्मिनी हे नाव तिला १९७० नंतरच्या दशकात मिळाले. तो कारखाना उभारणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीची स्थापना १९४४ साली शेठ वालचंद हिराचंद यांनी केली. वालचंदशेठ जन्माने सोलापूरचे, १८८२ सालचे. तेव्हा या गाडीशी आपल्या जिल्ह्याचे थोडे नातेच आहे म्हणा ना!

या गाडीचे उत्पादन थांबून आता वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची पद्मिनी टॅक्सीही २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली. मग सुटा भाग मिळायचा कुठे, अशी चिंता पडते. बेअरिंगच्या बाबतीत ही चिंता बरीचशी विनाकारण आहे. ते का, हे पुढे पाहू.

बैलगाडीपासून मोटारीपर्यंत

बैलगाडीचा तुंबा आखावर फिरतो. लाकूड लोखंडावर घासते, म्हणून आपण वंगण घालतो. वंगण संपले की चाक कुरकुरते आणि बैलांना ओढ जड जाते. बेअरिंग हेच काम अधिक हुशारीने करते. आतले कडे आणि बाहेरचे कडे यांच्यामध्ये पोलादी गोळ्या किंवा रोलर असतात. घासण्याऐवजी ते लोळतात, त्यामुळे ओढ हलकी होते.

याचा एक मोठा शोध गाडीवानांच्या अडचणीतूनच लागला. अमेरिकेत हेन्री टिमकन नावाचे घोडागाड्या बांधणारे कारखानदार होते. लादलेली गाडी वळणावर आली की चाकावर वरून भार येतोच, शिवाय बाजूनेही रेटा येतो. हे दोन्ही भार पेलण्यासाठी त्यांनी निमुळत्या रोलरचे बेअरिंग काढले आणि १८९८ साली त्याचे पेटंट घेतले. आज मोटारी, ट्रक आणि आपल्या उसाच्या ट्रॉल्या यांच्या चाकांत हीच जात मोठ्या प्रमाणावर दिसते. तिला 'टेपर' म्हणतात. गोळ्यांची ती 'बॉल' बेअरिंग.

बिघाड ओळखावा कसा?

चाक जॅकवर उचला. उरलेल्या चाकांना दगड लावायला विसरू नका. मग वरून आणि खालून हात धरून चाक हलवा. खुळखुळ लागली तर संशय घ्या. चाक फिरवून कान द्या. खरखर आली तर बेअरिंग खराब होत आले आहे. रस्त्यावर गाडी डावीकडे वळवताना आवाज वाढला तर उजवे चाक तपासा, कारण त्या वेळी भार उजवीकडे जातो. आठ-दहा किलोमीटर चालवून उतरल्यावर दोन्ही बाजूंच्या तुंब्यांजवळ हात न्या. एक बाजू जास्त तापलेली असेल तर बेअरिंग किंवा अडकलेला ब्रेक, दोहोंपैकी एक कारण असते.

नाव नको, नंबर सांगा

आता मुख्य गोष्ट. दुकानात जाऊन "फियाटचे पुढचे बेअरिंग द्या" एवढेच म्हणू नका. जुने बेअरिंग काढा, रॉकेल किंवा डिझेलने धुवा आणि कड्याच्या काठावर कोरलेला नंबर वाचा. टेपर असेल तर आतल्या आणि बाहेरच्या, दोन्ही भागांवरचे नंबर टिपा. पुढचे आणि मागचे बेअरिंग एकच असेल असे धरून चालू नका. आधीच्या मालकाने भलतेच बसवले असण्याचाही संभव असतो, म्हणून गाडीच्या पुस्तकाशी नंबर ताडून पाहा.

हा नंबर कोणा एका गाडीचा नसतो. जगभर ठरलेल्या मापांचा असतो. गाडी बंद झाली तरी नंबर जिवंत राहतो. तोच नंबर पंपात, मोटारीत किंवा मळणीयंत्रातही लागत असेल, तर माल आजही बनतो.

नंबर वाचायचा कसा, ते एका उदाहरणाने सांगतो. ६२०५ हे बॉल बेअरिंग. शेवटच्या दोन अंकांना पाचाने गुणा. आतले भोक २५ मिलिमीटर आले. (शेवटचे अंक ०४ किंवा त्याहून मोठे असतील तेव्हा हा हिशेब लागू पडतो.) याचा बाहेरचा व्यास ५२ आणि रुंदी १५ मिलिमीटर. आता ३०२०५ घ्या. हे टेपर. भोक २५ आणि व्यास ५२, दोन्ही तेच! रुंदी मात्र सव्वासोळा आणि काम वेगळे. माप जुळले म्हणजे जात जुळली असे नाही. सोयरीक करताना आपण एवढेच पाहतो का?

नंबरापुढची अक्षरेही वाचा. झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याचे झाकण, टू-आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबराचे सील, सी-थ्री म्हणजे आतली मोकळीक नेहमीपेक्षा जास्त. मुळात जे असेल तेच घ्या. "हेही चालेल" म्हणणाऱ्याला "का चालेल?" असे विचारा. नंबर झिजून गेला असेल तर व्हर्नियरने भोक, बाहेरचा व्यास आणि रुंदी मोजून घ्या.

नकलीपासून सावध

नामांकित कंपन्यांच्या खोक्यात नकली माल भरून विकणारे असतात. भाव फारच कमी, छपाई अंधुक, खोके फाटके, बेअरिंगवर गंज किंवा धुतल्याच्या खुणा दिसल्या तर माल घेऊ नका. नेहमीच्या, माहितीच्या दुकानातून पावती घेऊन खरेदी करा. काही कंपन्यांचे खोके मोबाइलवर तपासण्याची सोय आहे. घरातल्या शिकलेल्या मुलाला ते काम सांगा.

बसवताना

चांगले बेअरिंगही वाईट हातांनी मरते. टेपरचा जुना कप तसाच ठेवून नवे रोलर बसवू नका. जोडी नवीच हवी. सोबत ऑइल सील आणि कॉटर पिनही नवी घ्या. कड्यावर हातोड्याचे घाव घालू नका. जुने ग्रीस पूर्ण पुसून काढा आणि चाकाच्या बेअरिंगचेच ग्रीस रोलरच्या सांदीसांदीत दाबून भरा. दोन जातींचे ग्रीस मिसळू नका. हात आणि जागा स्वच्छ ठेवा. धुळीचा एक कण रोलरला चरे पाडतो.

टेपरचा नट चाक फिरवत आवळतात आणि मग पुस्तकात सांगितल्याप्रमाणे किंचित सैल करतात. फार आवळला तर बेअरिंग जळते, फार सैल राहिला तर चाक डुगडुगते. हे काम जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्या, पण शेजारी उभे राहून पाहा. शंभरेक किलोमीटर झाल्यावर खुळखुळ पुन्हा तपासा. ओढ्याच्या पाण्यातून गाडी गेली असेल तर तुंब्यात पाणी शिरले नाही ना, हेही बघून घ्या.

शेवटी एक छोटी सूचना. घरातल्या हिशेबाच्या वहीत एक पान राखून ठेवा. फियाट, ट्रॉली, पंप यांच्या बेअरिंगचे नंबर आणि बदलल्याची तारीख त्यावर लिहा. ऐन हंगामात ट्रॉली अडली किंवा गाडीतून जात्याची घरघर ऐकू आली, तर त्या पानावरचा एक नंबर तुमचा दिवस वाचवील, आणि कदाचित माणसेही.