पासष्टी म्हणजे प्रशस्ती नव्हे

पुणतांब्यात गोदावरीकाठी चांगदेवांची समाधी आहे. तिथे ‘चांगदेव पासष्टी’चा विषय निघाला की ऐकणाऱ्याच्या कानात ‘प्रशस्ती’ हा शब्द सहज घुसतो. नाव चांगदेवांचे, तेव्हा त्यांची स्तुती असणार, असा तर्कही सोबत येतो.

पासष्टी म्हणजे पासष्ट ओव्या, एवढेच. ज्ञानेश्वरांनी चांगदेवांना लिहिलेले हे पत्र. परंपरा सांगते की ज्ञानेश्वर वयाने लहान पण ज्ञानाने मोठे. त्यांना ‘चिरंजीव’ लिहावे की ‘तीर्थरूप’, हा पेच सुटेना, म्हणून चांगदेवांनी कोराच कागद धाडला. एवढे आयुष्य योगात घालवून हा कोराच राहिला, असा टोला त्यावर मुक्ताबाईंनी हाणला म्हणतात. ज्ञानेश्वरांच्या उत्तरातही चांगदेवांच्या सिद्धींचे गोडवे नाहीत. पाहणारा, पाहिले जाणारे आणि पाहणे ही त्रिपुटी मुळात एकच, हा अद्वैताचा विचार त्यात आहे.

खरी प्रशस्ती पाहायची तर नाशिकची पांडवलेणी गाठावी. तिथल्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा प्राकृत लेख आहे. नातू पुळुमावीच्या कारकिर्दीच्या १९ व्या वर्षी कोरलेल्या या लेखात तिने आपल्या मुलाचे, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचे, गुणगान केले आहे. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले, असे त्यात म्हटले आहे.

प्रशस्ती म्हणजे निव्वळ खुशामत, हा दुसरा गैरसमज. नाशिकचा लेख मुळात दानलेख आहे. लेणे भिक्षूंना दिल्याची नोंद करता करता त्यात राजाच्या ताब्यातले प्रदेश आणि त्याने हरवलेले शत्रू येतात. आईने केलेले कौतुक असल्याने थोडे पाणी घालून वाचावे लागते, पण सातवाहनांचा इतिहास लिहिताना हा लेख टाळता येत नाही.

आणि ‘प्रशस्त’? दोन्ही शब्दांचे मूळ एकच. संस्कृतात प्रशस्त म्हणजे वाखाणलेले, उत्तम. मराठीत मात्र प्रशस्त असतो तो दिवाणखाना.

रोजच्या बोलण्यात प्रशस्ती क्वचितच येते. तिथे कौतुक, वाखाणणी, फार तर स्तुती. ‘स्वतःचीच प्रशस्ती गातो’ म्हटले की शब्दाला टोमण्याची धार येते. सन्मानाने तो उरला आहे समारंभात वाटल्या जाणाऱ्या कागदावर, आणि तिथे बहुतेकदा चुकीचा छापलेला. सुटा शब्द ‘प्रशस्ती’, पण समासात ‘ति’ ऱ्हस्व: प्रशस्तिपत्रक.