सुप्याचा बाजार, आठवीचा वर्ग

१२ मे १८७५. बारामतीजवळच्या सुप्याला आठवडे बाजार भरला होता. आसपासच्या गावांतले शेतकरी जमले आणि सावकारांच्या घरादुकानांवर चालून गेले. त्यांना हवे होते ते हिशेबाचे चोपडे आणि कर्जरोखे. हाती लागले ते त्यांनी जाळले. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत पसरलं, ९५१ माणसं पकडली गेली. शाळेच्या पुस्तकात एवढ्या मोठ्या घटनेच्या वाट्याला फार तर काही ओळी येतात. त्या ओळींच्या मागे काय आहे हे आठवीच्या मुलांना संगणकावर दाखवण्याचं काम पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या एका शाळेत चालतं. ते मी मागच्या बाकावर बसून पाहिलं.

कक्षात चालू स्थितीत पाच संगणक आहेत आणि प्रत्येकाभोवती सात-आठ मुलं. इतिहासाच्या बाई तासाला इंटरनेटच्या भरवशावर येत नाहीत. दुपारी वीज जाते आणि नेट रांगतं, म्हणून लागणारी पानं त्या आदल्या रात्री घरी उतरवून पेनड्राइव्हवर आणतात. त्या दिवशी त्यात पुणे जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटिअरमधली स्कॅन केलेली पानं होती. राज्याच्या दर्शनिका विभागाने ही जुनी गॅझेटिअरं इंटरनेटवर ठेवली, हा या राज्यातल्या शाळांवर झालेला मोठा उपकारच आहे, आणि त्याची जाण फार थोड्या शाळांना आहे असं मला वाटतं.

पहिलं काम नकाशावर सुपे शोधण्याचं. दोन गटांनी झटकन खूण केली ती पारनेर तालुक्यातल्या सुप्यावर, पुणे-नगर रस्त्यावरच्या. बाईंनी चूक सांगितली नाही. “गॅझेटिअरमध्ये तालुका कुठला दिलाय, बघा बरं.” भीमथडी. आता भीमथडी नावाचा तालुका नकाशात सापडेना. मग भीमा कुठून वाहते ते पाहत, जुना नकाशा शेजारी उघडून, मुलं बारामतीच्या बाजूला सरकली. दहा मिनिटं गेली. पण सरकारी हद्दी बदलत असतात आणि जुना कागद वाचताना त्या काळची हद्द विचारावी लागते, हे त्या दहा मिनिटांत मुलांना कळलं. फळ्यावर लिहून दिलं असतं तर ते वहीतच राहिलं असतं.

उपग्रहाच्या चित्रात नीरेच्या डाव्या कालव्याचा हिरवा पट्टा ठळक दिसतो, आणि सुपे त्याच्या उत्तरेला, तपकिरी जिरायती भागात. कालवा आला तो दंग्यांनंतरच्या दशकात. “म्हणजे तेव्हा सगळंच असं होतं?” तपकिरी भागावर बोट ठेवून एका मुलीने विचारलं.

खरी रंगत आली ती स्प्रेडशीटवर. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोखा तीन वर्षंच ग्राह्य धरला जाई. व्याज साचत जाऊ नये हा त्यामागचा हेतू. सावकारांनी वाट काढली: दर तीन वर्षांनी नवा रोखा, आणि थकलेलं व्याज त्या रोख्यात मुद्दल म्हणून. बाईंनी आकडे सोयीचे धरले, शंभर रुपये कर्ज आणि दरसाल दरशेकडा पंचवीस. मुलांनी सूत्र घातलं. तीन वर्षांनी १७५. नवा रोखा. सहा वर्षांनी ३०६. नऊ वर्षांनी ५३६. बारा वर्षांनी ९३८. मग रोखा न बदलता सरळव्याजाने तोच हिशेब केला, तर बारा वर्षांनी ४००. दोन रकाने शेजारी-शेजारी उभे राहिले तशी खोली गप्प झाली. “बाई, त्यानं एक पैसा नवा घेतला नाही?” “नाही. फक्त अंगठा उठवला.” आणि अंगठा कशावर उठला ते त्याला वाचता येत नव्हतं. चोपडेच का जाळले, हे आता कुणी समजावून सांगायची गरज उरली नाही.

मुलांना कर्ज परकं नाही. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात सोसायटीचा बोजा चढतो, हे वर्गातल्या निम्म्यांना ठाऊक होतं. बाईंनी कुणाचा उतारा पडद्यावर आणला नाही, गाव नमुना सातचा कोरा तक्ता दाखवला. घरचं कर्ज वर्गात उघडं पडू नये याची ही काळजी मला त्या तासातली सर्वांत मोलाची वाटली.

डिजिटल वर्ग म्हणून बऱ्याच ठिकाणी जे चालतं ते पडद्यावर चित्रफीत लावून देण्याचं. किल्ल्यावरून ड्रोन फिरतो, तुतारी वाजते, तास संपतो. मुलांच्या लक्षात राहते ती तुतारी. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत ते आले, डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दार उघडलं गेलं ही मोठीच गोष्ट. पण कोडमागे पुन्हा तोच धडा बोलून दाखवणारी चित्रफीत असेल, तर मूल होतं तिथेच राहतं. इतिहासाला इंटरनेट हवं ते साधनं हाताशी आणण्यासाठी, आणि साधन आलं की “हे कोणी लिहिलं?” हा प्रश्न त्याच्या मागोमाग आला पाहिजे.

त्या वर्गात तो आला. दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला. त्यात रोष सावकारांवरचा ठरवला गेला, सरकारी सारा हे कारण मानलं गेलं नाही. एक मुलगा म्हणाला, “सरकारच चौकशी करणार, मग सारा जास्त होता असं कसं म्हणेल?” बाईंनी त्याला तिथे सोडलं नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धात कापसाला आलेली तेजी, १८६५ नंतर कोसळलेला भाव, त्यानंतरची साऱ्याची वाढ, असा क्रम त्यांनी मुलांकडूनच रकान्यांत मांडून घेतला. सारावाढीविरुद्ध पुण्याची सार्वजनिक सभा बोलत होती, हेही सांगितलं. अहवाल खोटा म्हणून फेकायचा नाही, त्यातलं काय कुणाच्या सोयीचं आहे ते पाहायचं, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

अडचण इंग्रजीची आहे आणि ती मोठी आहे. मुलांनी मोबाइलवरून भाषांतर करून पाहिलं. ते इतकं ओबडधोबड निघालं की बाईंना आठ ओळी स्वतः मराठीत सांगाव्या लागल्या. अशी निवडक पानं नीट मराठीत करून एका ठिकाणी ठेवणं हे नव्या पडद्यांच्या खरेदीहून कितीतरी गरजेचं आहे. आज ते काम ही एकटी शिक्षिका रात्री जागून करते.

तास संपता संपता मघाच्या त्याच मुलीने विचारलं, शेतकरी स्वतः काय म्हणाले ते कुठे आहे? अहवालाच्या परिशिष्टांत जबान्या आहेत. पानं पुष्कळ, म्हणून बाईंनी ती पाच गटांत वाटून दिली आणि प्रत्येक गटाने एकच जबानी निवडायची असं ठरलं. कुणी विचारलं, कुणापुढे दिली, आणि त्या माणसाला तेव्हा भीती कुणाची असेल, एवढं लिहून आणायचं.