तारीख ठाऊक असलेलं प्रेम

एप्रिल १७४०. नर्मदाकाठी रावेरखेडीच्या छावणीत थोरले बाजीराव तापाने फणफणले आहेत. वयाची चाळिशीही उलटलेली नाही. अशा वेळी आजची एखादी डॉक्टर तिथे पोचली, तिच्या पिशवीत गोळ्यांची एक पट्टी आहे आणि २८ एप्रिल ही तारीख तिला शाळेपासून पाठ आहे, तर? गोळी द्यावी, तर पुढचा सगळा इतिहास हलतो. न द्यावी, तर डोळ्यांदेखत माणूस जातो.

कालप्रवास, इतिहास आणि प्रेम एकत्र गुंफणाऱ्या कादंबऱ्यांचा जीव या पेचात असतो. १९९१ साली आलेल्या डायना गॅबाल्डन यांच्या ‘आउटलँडर’मध्ये क्लेअर ही दुसऱ्या महायुद्धातली परिचारिका स्कॉटलंडच्या उभ्या शिळांमधून थेट १७४३ सालात जाऊन पडते. तिथे जेमी या तरुणाशी तिचं लग्न होतं. तिचा पहिला नवरा मात्र मागे, तिच्या मूळ काळात. शिवाय १७४६ साली कलोडनच्या रणात जेमीसारखे स्कॉटलंडचे हायलँडर चिरडले जाणार, हे तिला आधीच माहीत. घरचा माणूस कुठल्या लढाईकडे निघालाय हे कळत असताना त्याच्यासोबत संसार करायचा! साध्या ऐतिहासिक कादंबरीत ही जाणीव फक्त वाचकाला असते. इथे ती नायिकेच्या उशाशी येऊन बसते.

कलोडननंतर पंधराच वर्षांनी, १४ जानेवारी १७६१ रोजी, आपलं पानिपत झालं. मल्हारराव होळकर त्या रणातून निघाले ते बरोबर की चूक, हा वाद अजून मिटलेला नाही. होळकरांच्या इंदुरात तर तो घरचाच विषय. ‘त्या रणात पेशवेपुत्र विश्वासरावांना गोळी लागली नसती तर?’ या प्रश्नाला जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत गोष्टीचं रूप दिलं. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत मराठे जिंकलेल्या एका वेगळ्याच जगात जाऊन येतात. त्यांच्यापाशी पुरावा उरतो तो बखरीच्या एका फाटक्या पानाचा, आणि त्या पानावर गोळी विश्वासरावांना चाटून गेलेली असते. पुंजभौतिकीचा आधार घेऊन नारळीकर हे पटवतातही. पण त्या जगात गंगाधरपंतांचा जीव अडकावा असं माणूस त्यांना भेटत नाही.

जीव अडकवणारी गोष्ट ना. सं. इनामदारांनी ‘राऊ’मध्ये सांगितली, १९७२ साली. बाजीराव-मस्तानीचं प्रेम या कादंबरीने घराघरांत नेलं. २०१५चा हिंदी चित्रपटही तिच्यावरच उभा आहे. बाजीरावांच्या मागोमाग १७४० सालीच मस्तानीही गेली. तिची समाधी पाबळला, त्यांची रावेरखेडीला. मध्ये केवढा मुलूख!

म्हणजे मराठीकडे काळाची उडी आहे, काळजाला भिडणारं प्रेमही आहे. दोन्हींना एका कादंबरीत कायमचं बांधणारं, ‘राऊ’सारखं तोंडोतोंडी झालेलं नाव मात्र चटकन आठवत नाही. ही उणीव खटकते, कारण कच्चा माल दाराशी पडलाय. १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन साहित्य संमेलनं भरवलेल्या इंदूरच्या एखाद्या लिहित्या हाताने तो उचलावा.

रावेरखेडी सनावदच्या बाजूला आहे, इंदूरहून एका दिवसात जाऊन येण्याजोगी. जाण्याआधी ‘राऊ’ची शेवटची प्रकरणं पुन्हा वाचा, आणि समाधीपाशी थोडा वेळ बसा.