कर कोणावर, मत कोणाचें?

अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत कर बसवावा कीं नाहीं, हें पुष्कळदां मतदारच कौल देऊन ठरवितात. १९८८ सालीं त्यांनीं सिगारेटच्या पाकिटावरील १० सेंटांचा कर ३५ सेंटांवर नेला. २०१६ सालीं आणखी दोन डॉलर चढविले. ओढणारे थोडे, न ओढणारे बहुत. म्हणून असा कौल मिळणें त्या मानानें सोपें. तरी २०१२ सालीं एका डॉलरची वाढ थोडक्या मतांनीं फेटाळली गेली.

मिळकतीची गोष्ट निराळी. १९९६ सालच्या २१८ क्रमांकाच्या ठरावान्वयें विशिष्ट कामासाठीं घरजमिनीवर आकारणी करावयाची, तर मतपत्रिका मालकांकडे जाते. ज्याची आकारणी अधिक, त्याच्या मताचें वजनहि अधिक. सामान्य भाडेकऱ्यास तेथें मत नाहीं, परंतु वाढत्या भाड्याच्या रूपानें भार त्याच्याहि माथीं येऊं शकतो.

पहिल्या पद्धतींत बहुमताच्या जुलमाचें भय, दुसरींत धनाच्या वर्चस्वाचें. शिवाय तंबाखूचा कर व्यसन मोडण्यांत जितका यशस्वी, तितकें त्याचें उत्पन्न ओसरतें. त्यावर कायमचा खर्च बांधणें धोक्याचें. म्हणून ‘मला काय पडेल?’ एवढेंच न विचारतां ‘हें देणार कोण, आणि त्याला बोलावयास मिळालें काय?’ हेंहि विचारणें सुजाण नागरिकाचें कर्तव्य होय.