सुरतचे आकडे चित्रांतून वाचताना

बातमीतला आकडा वाचून विसरला जातो. त्याच आकड्याचा आलेख किंवा नकाशा मात्र मनात घर करतो. म्हणून चित्र चुकीचे वाचले गेले, तर गैरसमजही तितकाच टिकतो. पूर, प्लेग, स्वच्छता, स्थलांतर अशा कारणांनी सुरत सतत बातम्यांत राहिली आहे. तिच्याच आकड्यांवरून हे तपासता येते.

गैरसमज : आकडा छापला की माहिती पोहोचली.

वस्तुस्थिती : ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणातून तापीत सुमारे 9 लाख क्युसेक पाणी सोडावे लागले आणि सुरतचा बहुतांश भाग बुडाला. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण 28 लिटर. त्या हिशेबाने हा विसर्ग होतो सेकंदाला अडीच कोटी लिटर. ऑलिंपिकच्या मापाचे दहा जलतरण तलाव शेजारी शेजारी रेखाटून खाली ‘एका सेकंदात’ असे लिहिले, तर पुराचा आवाका शाळकरी मुलालाही कळतो. शहरातल्या रांदेर किंवा अडाजणच्या रहिवाशाला त्याहून गरजेची गोष्ट म्हणजे आपल्या गल्लीत पाणी किती चढेल. ते पूररेषेच्या नकाशावरच नीट दिसते.

गैरसमज : स्तंभ दुप्पट उंच, म्हणजे कामगिरीही दुप्पट.

वस्तुस्थिती : आधी पाहावे ते तळाशी. 2020 च्या स्वच्छ सर्वेक्षणात 6000 पैकी इंदूरला 5647.56 आणि दुसऱ्या आलेल्या सुरतला 5519.59 गुण होते. फरक जेमतेम सव्वादोन टक्क्यांचा. पण आलेखाचा उभा अक्ष शून्याऐवजी 5400 पासून सुरू केला, तर इंदूरचा स्तंभ सुरतच्या दुपटीहून उंच दिसतो. एकही आकडा खोटा नसताना वाचणाऱ्याची मात्र दिशाभूल होते.

गैरसमज : नकाशावर जिथला रंगीत भाग मोठा, तिथली माणसे जास्त.

वस्तुस्थिती : गुजरातच्या नकाशात कच्छ डोळ्यांत भरतो, कारण 45 हजार चौरस किलोमीटरहून मोठा हा देशातला सर्वांत विस्तीर्ण जिल्हा आहे. 2011 च्या जनगणनेत तिथे सुमारे 21 लाख लोक होते. त्याच्या दहाव्या हिश्शाएवढ्या सुरत जिल्ह्यात होते जवळपास 61 लाख. निवडणुकीचा निकाल असो की साथीचे रुग्ण, असा रंगवलेला नकाशा जमीन मोजतो. माणसे दाखवायची असतील, तर लोकसंख्येनुसार लहानमोठी वर्तुळे काढणे अधिक प्रामाणिक ठरते.

गैरसमज : गडद रंग कारणही सांगतो.

वस्तुस्थिती : 2011 मध्ये सुरत जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 787 स्त्रिया होत्या, तर रत्नागिरीत 1122. नुसता नकाशा पाहून सुरतचा सगळा दोष स्त्रीभ्रूणहत्येवर टाकण्याची घाई होते. प्रत्यक्षात यंत्रमाग, कापड प्रक्रिया आणि हिऱ्यांच्या कारखान्यांसाठी देशभरातून पुरुष एकटे सुरतेत येतात; उधना-लिंबायतच्या वस्त्यांत खानदेशातून आलेले कितीतरी जण भेटतात. रत्नागिरीतून पिढ्यान्‌पिढ्या पुरुष मुंबईला गेले. तरीही स्थलांतराने सगळा उलगडा होत नाही. सुरतमध्ये शून्य ते सहा वयोगटातही हजार मुलांमागे मुली साडेआठशेहून कमी होत्या, आणि ही गंभीर बाब आहे. एकूण प्रमाणाचा आणि या वयोगटाचा असे दोन्ही नकाशे शेजारी छापले, तरच दोन प्रश्न वेगळे दिसतात.

गैरसमज : छायाचित्रातून संकटाचा आकारही कळतो.

वस्तुस्थिती : सप्टेंबर 1994 मध्ये प्लेगच्या भीतीने तोंडाला रुमाल बांधून सुरत सोडणाऱ्या गर्दीची छायाचित्रे जगभर पोहोचली. ती भीती खरी होती. लाखो लोक शहर सोडून गेले. पण त्या वर्षी देशभरात प्लेगचे संशयित रुग्ण नोंदले गेले 876, आणि मृत्यू 54. हे आकडे छायाचित्राशेजारी असते, तर भीती आणि रोगाचा फैलाव यांतले अंतर वाचकाला लगेच दिसले असते.

गैरसमज : नवे चित्र, म्हणजे नवी माहिती.

वस्तुस्थिती : वर दिलेली लोकसंख्या आणि स्त्री-पुरुष प्रमाण 2011 चे आहे. 2021 ची जनगणना लांबली. आता नव्या जनगणनेची संदर्भ तारीख देशाच्या बहुतांश भागासाठी 1 मार्च 2027 ठरली आहे. तिचे निष्कर्ष येईपर्यंत सुरतच्या लोकसंख्येचा कोणताही रंगीत आलेख एकतर 2011 वर किंवा अंदाजावर उभा असणार. चित्राखालच्या बारीक अक्षरांत यांपैकी काय लिहिले आहे, ते आधी वाचावे.